पाणी निरंक

माझं माहेर कुंडल. बाप सायकलीची पंक्चर काढायचा, दुकान म्हंजे काय, वडाखाली एक पत्रा, आन् मला ल्हानपनापासनं त्या सोल्युशनचा, रॉकेलचा वास लय आवडायचा, आता हसाल तुमी ताई, पन बाकीच्या पोरी गजरा हुंगायच्या आन् म्या बापाच्या शेजारी नाक वर करून बसायची. बारावी झाले, लगीन झालं, हिकडं इस्लामपूरच्या बाजूला आले. आमचं हे साखर कारखान्यात हंगामी, सा म्हैने काम आन् सा म्हैने पारावर गप्पा. मग म्या पंपावर लागले. सासू म्हनाली बाईमानूस रस्त्यावर हुबी ऱ्हानार व्हय, म्या म्हनलं आत्याबाई, चुलीम्होरंबी हुबीच हाय की, हितं निदान पगार तरी हाय.

पंप सुभेदारांचा. मिल्ट्रीतनं आल्यावर त्यांनी घेतला. मानूस शिस्तीचा, बोलनं कमी, पन शिकवलं सगळं त्यांनीच. काचंच्या नळीत पेट्रोल घ्यायचं, त्यात तरंगता काटा सोडायचा, थर्मामीटर बघायचा, तक्त्यावरनं डेन्सिटी काढायची आन् टँकरच्या चलनावर लिवलीया तिच्याशी ताडून बघायची. फिल्टर कागदावर थेंब टाकायचा, उडून गेला आन् डाग ऱ्हायला न्हाई तर माल चोख. आन् सकाळ-सकाळी डिप. डिप म्हंजे लांब पितळंची काठी, तिच्या खालच्या टोकाला पेस्ट लावायची आन् जमिनीखालच्या टाकीत सोडायची. तळाला पानी असलं तर पेस्टचा रंग बदलतोय. न्हाई बदलला तर वहीत लिवायचं, पाणी निरंक. सात वर्सं म्या त्ये लिवलं, माझ्या अक्षरात.

पोरं येत्यात, भारी गाड्या घिऊन, अक्का पंच्यान्नववालं टाका, गाडी पळाली पायजे. त्यांस्नी वाटतं आक्टेन म्हंजे ताकद. म्याबी तसंच समजायची. सुभेदारांनी सांगितलं, आगं ताकद न्हवं ती, दम हाय. ठिनगी पडायच्या आदीच भडकलं तर इंजिन खडखडतंय, जे थांबतं त्याचं आक्टेन जास्त, आन् तुझ्या साध्या गाडीला त्येचा काय बी उपेग न्हाई. पोरांना सांगितलं तर पटत न्हाई, म्हनत्यात मावशी तू टाक.

आन् आता पेट्रोलात इथेनॉल असतंय, आपल्याच उसाचं. कारखान्यात आमचं हे, पंपावर म्या, दोघंबी उसावरच जगतोय म्हना. पन त्येचा एक गुन वाईट. आदी पानी तळाला गप पडून ऱ्हायचं. आता इथेनॉल पान्याला वढून घेतंय, आन् पानी जास्त झालं की दोघं मिळून खाली बसत्यात, पंप पयलं तेच उपसतोय. म्हनून सुभेदार सारखं म्हनायचे, शालन, टाकीच्या झाकनावर नजर ठिव.

काय सांगू तुमाला, नजर व्हती हो माझी. पन खंडेनवमी आली. आपल्यात त्या दिशी हत्यारं पुजायची, ज्याचं जे काम त्येचं ते हत्यार. कुनाचं खुरपं, कुनाचा पान्हा, आमची डिपची काठी, काचंची नळी, पाच लिटरचं माप. सकाळी डिप घेतली, चोख निगाली. मग म्या सगळा पंप धुतला. टाकीचं तोंड असतं ना, जमिनीत खड्डा आन् त्यात पाइपचं झाकन, त्येबी म्हनलं पुजू, वर्सभर आपल्याला पोसतंय. बादलीवर बादली वतली, खड्डा घासला, झाकनाला हळदकुंकू लावलं. पन डिप घेतल्यावर त्या झाकनाचा खटका आवळायचा असतो, तो म्या आवळलाच न्हाई. पुजा झाल्यावर आवळू म्हनलं आन् इसरले. काठी, नळी पाटावर मांडली. आन् पुजंतली हत्यारं दसऱ्याला पुजा उतरंपर्यंत हलवायची न्हाईत, हे तर लेकराला बी म्हाईत असतं.

सांजच्याला टँकर आला. डायवर बिरूदादा, तिकडचा आटपाडीकडचा, घरचं मेंढरामागचं, ह्यो एकलाच गाडीवर निगाला. लय गरीब मानूस, पंपावर आला की पयलं पानी मागनार आन् मग चलन काडनार. माल उतरायच्या आदी आन् नंतर डिप घ्यायचीच असते. सुभेदार म्हनले काठी पुजंत हाय, ऱ्हाऊ दे आज. म्या झाकन उघडाय गेले तर खटका मोकळा. खड्डा वला. ताई, तवाच म्या वळखलं, धुतलेलं पानी आत गेलंय. पन म्या मनाला समजावलं, जरासं गेलं असंल, येवढ्या मालात काय कळतंय. आन् वहीत लिवलं, उतरायच्या आदी, पाणी निरंक. काठी न घालता लिवलं. दसऱ्याच्या सकाळचा रकाना तसाच मोकळा ठिवला.

दसऱ्याला सगळ्यांच्या गाड्या धुतलेल्या, हार घातलेल्या, टाकी फुल्ल करायची हौस. नऊ वाजता पयली गाडी ढकलत आली. मग दुसरी. मग शाळंच्या बाईंची स्कुटी. तासाभरात पंपावर पन्नास-साठ मानसं, हार घातलेल्या गाड्या आडव्या, आन् जो तो वराडतोय, पेट्रोलात पानी घालताय व्हय, सनासुदीचं लुटताय व्हय. सुभेदारांनी पाटावरनं नळी उचलली, नोझलचं पेट्रोल धरलं, सगळ्यांम्होरं. खाली गढूळ थर बसला. म्होरची मानसं वाकून बघाय लागली. मग सुभेदारांनी वही उघडून दावली, हे बघा, माल उतरायच्या आदी निरंक हाय.

माझंच अक्षर.

बिरूदादा दसऱ्याचं जेवून जा म्हनल्यामुळं थांबलेला. नुकताच आंघूळ करून टँकरच्या सावलीला केस पुसत हुबा. सगळी त्याच्याकडं वळली. वाटंत माल इकलास, पानी भरलंस. त्यो म्हनत व्हता, आवं सील बघा की, सील तुमीच तोडलं. कोन आयकतंय.

म्या सुभेदारांजवळ गेले, हळूच म्हनले, झाकन मोकळं व्हतं सुभेदार, माझ्याकडनं ऱ्हायलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं. बघितलं आन् म्हनले, आत जा. कुनाला बोलू नगं, पंप सील हुईल, धा घरं हायत ह्याच्यावर. आन् म्या आत गेले. व्हय, गेले. काचंतनं दिसत व्हतं. त्याची कॉलर धरली. म्या वही छातीशी धरून हुबी. पोटच्या दोन लेकी आठवल्या, ह्यांचा रिकामा हंगाम आठवला, सगळं आठवलं, फकस्त पाय हलंनात. कुनीतरी त्याच्या कानाखाली वाजवली. त्यो खालीच बसला, कान धरून. मग हलले पाय.

म्या भाईर जाऊन त्याच्या म्होरं हुबी ऱ्हायले आन् म्हनले, त्याला सोडा. पानी माझ्या हातनं गेलंय, आन् वहीत म्या खोटं लिवलंय.

मग जे बोलायचं ते बोलली लोकं मला. बाई म्हनून हात न्हाई उचलला कुनी, पन शब्दाला काय धार नसतीय व्हय. कंपनीची मानसं आली, पेट्रोल दोन म्हैने बंद ऱ्हायलं, टाकी उपसली, सगळ्यांच्या गाड्या साफ करून दिल्या. सुभेदारांनी मला काडलं न्हाई. काडलं असतं तर बरं झालं असतं, असं कवा कवा वाटतं. कामापुरतं बोलत्यात, शालन म्हनत न्हाईत आता, आवं बाई म्हनत्यात. खंडेनवमीला काठीला दुरनंच हळदकुंकू वाहते आन् लगेच टाकीत सोडते. सासू म्हनती पाप लागंल. म्या म्हनलं लागू दे.

बिरूदादाचा डावा कान गेला. सांगलीला दावलं, डाक्टर म्हनले पडदा फाटलाय, हे मला दुसऱ्या डायवरकडनं कळलं. आत्ताबी त्यो येतो आमच्याकडं माल घिऊन. येका शब्दानं बोलला न्हाई मला, उलट पयल्या खेपंला म्हनला, अक्का, तू बोललीस म्हनून नोकरी ऱ्हायली. म्या त्याला पानी दिलं. माझं बोलनं त्याच्या ध्यानात हाय आन् माझ्या ध्यानात त्या आदीची पाच मिंटं. लोकं म्हनत्यात शालन खऱ्याची हाय. मला ते आयकवत न्हाई.

आता त्यो आला की म्या त्याच्या उजव्या अंगाला जाऊन हुबी ऱ्हाते आन् हळूच बोलते, म्हंजे चारचौघात त्याला काय, काय म्हनून परत इचारायला लागू नये. त्येला वाटतं आपल्या कानाचं कुनाला कळलेलं न्हाई. सुखी ऱ्हावा बाबा त्यो, त्याची मेंढरं, त्याची लेकरं. म्या असंपर्यंत त्याच्या उजवीकडंच हाय.