‘मौन’ नावाचा मोर

पेडण्याहून म्हापशाला जाणाऱ्या बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवर नवरा-बायको बसले होते. त्याच्या मांडीवर पुठ्ठ्यात गुंडाळलेली मोठी फ्रेम होती.

“ऐक गो सेजल, प्रदर्शनात असं बोलतो. ‘हा उडता मोर माझा सर्वांत आवडता फोटो. कित्येक दिवस मी शेताच्या बांधावर श्वास रोखून बसलो...’”

“कित्येक? दोन दिवस बसलास. तेही माझ्या आईनं आणून दिलेले उंडे पाव चहात बुडवून खात.”

“‘...आणि निसर्गाच्या त्या अथांग मौनात तो अचानक झेपावला.’”

“मौनात? निहार, आईनं तेलाचा डबा बडवला म्हणून उडाला तो!”

“ते सांगायचं नसतं. फोटोचं नावच ‘मौन’ आहे.”

“मग आधीचं तरी सांग. मोर बुजेल म्हणून तू तिला डबा वाजवू देत नव्हतास. तोवर त्यानं तिच्या शेतातल्या अळसांद्याच्या शेंगा साफ केल्या. शेवटी तिलाच राहवलं नाही.”

“कलेसाठी थोडं सोसावं लागतं.”

“सोसलं कोणी? यंदा आईच्या घरात अळसांद्याचा एक दाणा नाही.”

“बरं, त्या आज येणार नाहीत ना?”

“मागच्या बसनं येतेय.”

“अगो! लोकांसमोर काही बोलू नका म्हणून सांग त्यांना.”

“सांगितलंय. एक शब्द बोलणार नाही म्हणाली.”

“देव पावला.”

“तुझ्या फोटोखाली उभी राहून नुसता डबा बडवणार आहे.”