डंक थांबला तेव्हा

(२००६. राजारामपुरीतल्या एका गल्लीत शेवंताबाईंचा चटणी कांडायचा डंक. लाईट गेल्यानं तो थांबलाय. दार आतून लावलंय. बाहेरून त्यावर लाथा बसताहेत.)

अतुल : दार उघड म्हातारे. न्हायतर दारासकट आडवी करीन.

शेवंताबाई : कर की. रूपाली, पदर दाब डोक्यावर, रगात डोळ्यात उतराय लागलंय. कशानं मारलं?

रूपाली : कुकरच्या झाकणानं.

शेवंताबाई : शेजारी ऱ्हाते मी तुझ्या. कधी वरडली न्हाईस ती?

रूपाली : वरडते की मावशी. तुमचा डंक चालू असतोय. त्यो सुरू झाला की हे कडी लावत्यात, थांबायच्या आत तोंड धुवाय लावत्यात. आज वेळ नसताना लाईट गेली, म्हणून पळता आलं.

शेवंताबाई : म्हणून इचारायचा व्हय रोज, ‘मावशी, आज डंक किती वाजता?’ मला वाटायचं, बायकोला मिरचीचा खाट सोसत न्हाय म्हणून इचारतोय. गुणाचा समजत हुते भाड्याला.

अतुल : रूपाले, भाईर ये. आज जित्ती सोडत न्हाय.

शेवंताबाई : बयाबाई, हाईस का भाईर?

बयाबाई : हाय की. मिरच्यांचं डबं घिऊन साऱ्याजणी हितंच हाय. पर शेवंता, नवराबायकोचं हाय. आपुण कशाला मधी पडायचं?

अतुल : ऐकलंस? गल्लीला अक्कल हाय. तुलाच न्हाय.

शेवंताबाई : लाईट आली बघ. सरक पोरी, डंक सुरू झाला. ह्यात हात घावला तर चेचून निघंल.

रूपाली : मावशी, त्यानं फळी फोडली. आत शिरला. आता कुणाला काय ऐकू जायाचं न्हाय... केस सोड. सोड की. मावशी, बटन. बटन बंद करा.

शेवंताबाई : केलं.

अतुल : ...पोटातलं लाथंनं पाडलं तवा गप बसलीस, आता तुलाच...

शेवंताबाई : का रं थांबलास? बोल की. डंक बंद हाय.

अतुल : मावशी, त्ये... रागात तोंडातनं गेलं. डंक चालू करा की. घरातली गोष्ट हाय.

बयाबाई : डबं खाली ठेवा गं. धरा त्याला. केस सोडत न्हाय तर बोटं पिरगाळा. सुष्मिता, पळ, बूथवरनं पोलिसास्नी फोन लाव.

अतुल : बयामावशी, तुमी तरी...

बयाबाई : तोंड मिट. रूपाली, दवाखान्यात मी आलते तुझ्यासंगं. डॉक्टरला मीच सांगितलं, पोरगी मोरीत घसरली म्हणून. तूच म्हणालतीस तसं.

शेवंताबाई : बस हितं पाटावर. भिऊ नको. तुझं बोलून झाल्याबिगर बटन दाबत न्हाय मी.

रूपाली : मोरीत मी कधीच घसरले न्हवते, बयामावशी.