आईचं नाव आणि फाटकाचा रंग

नाव वुर्यानी. वय ३४ वर्षे. धंदा शिवणकाम, नमाजाचे पांढरे झगे शिवून ऑनलाइन विकते. राहणार: सांगणार नाही, कारण खाली येईल.

मी आज स्वतः ठाण्यात येऊन, हवालदार पुर्नोमो यांनी विचारल्यावरून सांगते की, बापाने माझं नाव एकच ठेवलं. इंटरनेट कंपनीच्या फॉर्मात आडनावाची जागा रिकामी सोडलेली चालत नाही, म्हणून तिथे मी वुर्यानी वुर्यानी आहे. एवढ्या काटेकोर कंपनीबद्दल माझी तक्रार आहे.

सुतार्जो, राहणार तेगल, हा माझा नवरा होता. कोर्टातून तलाक होऊन दोन वर्षं झाली. मुलगी किनांती, वय नऊ, कोर्टाने माझ्याकडे दिली. तेगल सोडलं तेव्हा माझ्या डाव्या हाताला प्लास्टर होतं. त्याचे कागद तिथल्या दवाखान्यात आहेत, इथे त्याबद्दल जास्त लिहू नये.

इथे आल्यापासून मी तीन वेळा सिम बदललं. दुकान दुसऱ्याच नावाने चालवते. मुलीचा एक फोटो कुठे टाकला नाही. सख्ख्या बहिणीला पत्ता दिला नाही, ती अजून रुसून आहे. फक्त कंपनीला दिला, कारण वायर जोडायला त्यांचा माणूस घरी यावा लागतो.

गेल्या मंगळवारी दुपारी सव्वातीनला मुलीला शाळेतून घेऊन आले, तर सुतार्जो माझ्या ओट्यावर बसलेला. शेजारच्या तुमिराह काकूंनी त्याला चहा आणि तेंपेच्या, म्हणजे सोयाबीनच्या, तळलेल्या वड्या दिल्या होत्या. पाहुणा म्हटल्यावर त्या बिचाऱ्या दुसरं काय करणार. तो मुलीला म्हणाला, "उंच झालीस की गं." मुलीने माझा हात धरला. डावा.

मी विचारलं, पत्ता कुणी दिला. तो हसून म्हणाला, "तुझ्या कंपनीनेच की. काय गोड बोलते गं ती पोरगी. म्हटलं, बायकोचं नेट बंद आहे, माणूस पाठवा, तुमच्याकडे पत्ता कुठला आहे? तिने तुझ्या आईचं नाव विचारलं, मी सांगितलं. मग घडाघडा वाचला सगळा. हिरवं फाटकसुद्धा." तलाकचं त्याने सांगितलं नाही, तिने विचारलं नाही. फाटकाचा रंग वायरवाल्याने लिहून ठेवला होता, दुरुस्तीला येणाऱ्याला घर सापडावं म्हणून. सापडलं.

म्हणजे या कंपनीचं कुलूप काय, तर माझ्या आईचं नाव. आमच्या गल्लीत तिला नावाने कुणी ओळखत नव्हतं, सगळे वुर्यानीची आईच म्हणायचे. तिचं खरं नाव ठाऊक असलेली माणसं बोटांवर मोजण्याइतकी. त्यात सुतार्जो आहे. अकरा वर्षं तिच्या हातचं जेवला, आणि ती गेल्यावर सातव्या दिवसाच्या प्रार्थनेत जावई म्हणून तिचं नाव त्यानेच मोठ्याने वाचलं. जिला नवऱ्याला टाळायचं तिची किल्ली त्या नवऱ्याच्याच खिशात. असली व्यवस्था करायला डोकं लागतं हो, आणि पगारही मिळत असेल.

बुधवारी मी कंपनीत फोन केला. म्हटलं, हे बदला. "मॅडम, आईचं नाव बदलता येत नाही." म्हटलं, मग त्या कॉलचं रेकॉर्डिंग द्या. "सॉरी मॅडम, फोन करणाऱ्याची गोपनीयता असते." त्याची असते. फोन ठेवताना आमच्या सेवेला पाच तारे द्या म्हणाली.

हवालदार साहेबांचं म्हणणं असं की त्याने केलं तर काही नाही, चहा पिऊन गेला, घरातल्या घरात मिटवा. जाताना तो म्हणाला होता, "आता येत जाईन." हे साहेबांनी आधी लिहिलं नव्हतं, मी लिहायला लावलं. मला भीती वाटते, तेही लिहायला लावलं. शनिवारपर्यंत मी हे घर सोडणार आहे. किनांतीची ही तिसरी शाळा. इथे तिला मैत्रीण मिळाली होती.

शेवटी साहेबांनी माझ्या आईचं नाव विचारलं. मी नाही म्हटलं. ते म्हणाले, "ताई, तो रकाना भरल्याशिवाय कॉम्प्युटर पुढे जात नाही." मी म्हटलं, "मग तुमच्या आईचं टाका." ते म्हणाले, "माझ्या आईचं कशाला? त्यावर माझं बँकेचं खातं आहे." मग त्यांनी उठून दार लावून घेतलं आणि रकान्यात एक रेघ टाकली. कॉम्प्युटर पुढे गेला.

हा जबाब मला बंद दाराआड, हळू आवाजात वाचून दाखवला. मी सांगितला तसाच लिहिला आहे. आईच्या नावाच्या जागी रेघ आहे, तीही बरोबर आहे.

सही: वुर्यानी (एकदाच)