दत्ताच्या इंजिनाला पाणी

येडे लोक लय पाहिले म्या, पण आमच्या पिंगळीच्या दत्तासारखा न्हाई. त्यानं परभणीच्या भंगारातून पुढं लांब बॉनेट असलेल्या जुन्या नाकाड्या ट्रकचं इंजिन उचललं. नामांतराच्या आंदोलनात रस्ते बंद होते, म्हणून बैलगाडीत घालून घरी आणलं. मग सुट्या भागांसाठी पार हैदराबादपर्यंत हिंडला. लोक विचारायचे, "ट्रक कुठाय रे?" हा म्हणायचा, "आधी काळीज तर चालू होऊ द्या."

शेवटी एका दसऱ्याला ते अंगणात, लाकडी ओंडक्यांवर, चालू झालं. काय आवाज हो! घरातली भांडी थरथरायला लागली. दत्ताच्या डोळ्यांतून पाणी. तव्यासारखं तापलं तवा कुठं त्यानं बंद केलं.

आमच्याकडं नवे गाय-बैल दारात आले की पायावर पाणी घालतेत. दत्ताची म्हातारी आई घागर घेऊनच आली.

"याला मेल्याला पाय कुठं हायती? वरूनच घालते," म्हणली, अन् आमी "आई, आई" म्हणेस्तोवर सगळी घागर इंजिनावर ओतली.

टण्णकन आवाज झाला. बिडाचं ओतीव लोखंड ते, तापल्यावर गार पाणी पडताच वरपासून खालपर्यंत तडकलं.

"काय वाजलं रे?"

दत्ता म्हणला, "काई न्हाई, आई. तापलंय, म्हणून वाजलं."

पुढं दर दसऱ्याला म्हातारी त्या इंजिनाला हळदीकुंकू लावायची अन् विचारायची, "आता कधी सुरू करायलास रे?"

दत्ता म्हणायचा, "थंड होऊ दे, आई. अजून तापलेलं हाय."