काळकोठडीतल्या कोंबड्या

शशिधर : ...आणि त्या अंधाऱ्या काळकोठडीत, हातापायांत साखळदंड, पाठीवर आसुडाचे वळ, तरीही ओठांवर मातृभूमीचंच नाव! इथे मी दोन सेकंद थांबणार. टाळ्यांसाठी.

इरावती : बाबा, तिथे कोठडी नव्हता.

शशिधर : नव्हता नाही, नव्हती. आणि होती. राजकीय कैदी होता तो.

सुलक्षणा : अहो, तिला बोलू तरी द्या. सकाळपासून तुमच्या भाषणाचं इंग्रजी करत बसलीय बिचारी. आणि ते लवकर आटपा, आज सांगलीला फोन करायचाय. आईंना त्यांच्या मोतीबिंदूचं काय सांगणार आहात ते आधी ठरवा.

शशिधर : ते नंतर. उद्या दुपारी फिलिपिनो मंडळींनी चर्चचा हॉल घेतलाय. रिझालची पुण्यतिथी आहे. त्यांचा राष्ट्रपुरुष! आमच्या हॉस्पिटलातली नर्स, सिस्टर लिगाया म्हणाली, ग्लासगोहूनसुद्धा लोक येणारेत. तीसेक वर्षं इंग्लंडात, या कॉव्हेंट्रीत काढली, पण भाषणाला बोलावणारी ती पहिलीच.

इरावती : म्हणूनच सांगते ना. मी लायब्ररीतून पुस्तक आणला. स्पॅनिश गव्हर्न्मेंटने त्याला दापितान म्हणून लांब गाव आहे, तिकडे पाठवला. चार वर्षं. पण जेलमध्ये नाही. समुद्राजवळ घर होता त्याचा. कोंबड्या पाळायचा.

शशिधर : कोंबड्या?

इरावती : खूप. आणि फळाचे झाडं होते. आणि त्याला लॉटरी लागला.

शशिधर : सुलक्षणा, हिला समजाव. हद्दपार माणसाला लॉटरी लागत नसते.

इरावती : तिकीट शेअर केला होता त्यांनी दोघातिघांत. त्याच पैशातून जमीन घेतला.

सुलक्षणा : घ्या. तुम्ही दर शनिवारी टीव्हीसमोर तिकीट घेऊन बसता, तुम्हाला दहा पौंडांच्या वर कधी लागली नाही. तो कैदेत बसून जमीनदार झाला.

शशिधर : मग कोलूचं काय? पान तीनवर आख्खा परिच्छेद आहे. तेलाचा घाणा, बैलासारखं जुंपलेलं, घामाच्या धारा...

इरावती : कोलू मला डिक्शनरीत नाही मिळाला. तेल एकाच ठिकाणी आहे पुस्तकात. गावात अंधार असायचा म्हणून त्याने रस्त्यावर खोबऱ्याच्या तेलाचे दिवे लावले.

सुलक्षणा : अहो, खरं सांगा. हे भाषण कुठलं आहे?

शशिधर : कुठलं म्हणजे? माझंच आहे.

सुलक्षणा : कधीचं?

शशिधर : आता... नववीतलं आहे.

सुलक्षणा : फिरत्या ढालीचं? आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धेचं? अंदमानवरचं?

शशिधर : नाव बदललंय मी. बेट बदललंय. इंग्रजांच्या जागी स्पॅनिश घातलेत. परकं सरकार, बोट, बेट, हद्दपारी, सगळं सारखंच तर आहे. भावना त्याच. परीक्षकांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं त्या वेळी.

सुलक्षणा : आणि उद्या लिगायाच्या डोळ्यांत येईल. तिनं तुम्हाला का बोलावलं? रिझाल डोळ्यांचा डॉक्टर होता आणि तुम्हीही डोळ्यांचे डॉक्टर, म्हणून. त्या लोकांना त्याचं शाळेपासून सगळं पाठ असणार. त्यांच्यासमोर तुम्ही त्याला सांगलीच्या बेड्या घालून उभा करणार?

शशिधर : पण मग वनवास गेला कुठे? आणखी काय काय करायचा हा तिथे?

इरावती : मुलांसाठी शाळा काढला. गावात पाणी आणला. पेशंट बघायचा, गरिबांना फुकट. सरडे, बेडूक, किडे पकडून जर्मनीला पाठवायचा. आणि एक माणूस हाँगकाँगवरून डोळा दाखवायला आला, त्याच्याबरोबर एक मुलगी होती. मग नंतर ती रिझालकडेच राहिली.

सुलक्षणा : पेशंट परत गेला आणि सोबतची राहिली? तुमच्या क्लिनिकमध्ये असलं काही होत नाही ना?

शशिधर : माझ्या क्लिनिकमध्ये सोबत आलेली माणसं पार्किंगची तक्रार करतात. पण हे बघ, याला हद्दपारी कसं म्हणायचं? ही तर रिटायरमेंट झाली. खरी हद्दपारी आपली. हे आभाळ, ही थंडी, ना सण ना वार. जन्मदात्या आईचं तोंड बघायला मिळत नाही चार-चार वर्षं.

सुलक्षणा : विषय तुम्ही काढलात, मी नाही.

शशिधर : उदाहरण दिलं नुसतं.

सुलक्षणा : दोन वर्षं झाली आईंच्या डोळ्याला. ऑपरेशन करून घेईन तर शशीच्याच हातून, म्हणून बसल्यात. तुम्ही आज उन्हाळ्यात येतो म्हणता, मग दिवाळीत, मग पुढच्या वर्षी. श्रीकांतभावजी फोनवर नुसते हं हं करतात, तेही कंटाळले असतील.

शशिधर : रजा कुठेय?

सुलक्षणा : फेब्रुवारीत स्कीइंगला होती. तुम्हाला तर स्कीइंग येतही नाही.

इरावती : बाबा, तुझ्या भाषणात एक गोष्ट राहिला. त्याच्या आईला पण दिसत नव्हता नीट. ती एवढी म्हातारी, बोटीने त्याच्याकडे गेली. त्याने ऑपरेशन केला आणि तिला दिसायला लागला. पण तिने काही ऐकला नाही. आपलीआपली उठायची, पट्टी काढायची, परत लावायची. मग डोळा एवढा सुजला. त्याने पत्रात लिहिलंय ते.

शशिधर : हे मात्र पटतं. हे असंच होणार. घाल हे भाषणात. कोलू काढ, सगळा परिच्छेद काढ, आणि हे घाल. कोंबड्याही घाल.

इरावती : ती का गेली माहिती आहे? त्याला गाव सोडायचा परमिशन नव्हता म्हणून. तुला कोण नाही म्हणतो, बाबा?

(शशिधर भाषणाचे कागद उचलतो, कडा जुळवतो, परत खाली ठेवतो आणि परत जुळवतो.)

सुलक्षणा : इरा, जा, चहाचं आधण ठेव.

शशिधर : राहू दे तिला. आठवड्याला पंधरा डोळे करतो मी. डोकं शांत असतं, हात स्थिर असतो. पण आईचा डोळा मनात आणला ना, की माझी बोटं गार पडतात. भीती वाटते गं. जरा चुकलं आणि तिचं उरलंसुरलं दिसणंही गेलं, तर? म्हणून रजा नाही म्हणतो. रजा काय, मागितली तर मिळेल.

सुलक्षणा : हे मला आधी का नाही सांगितलंत?

शशिधर : सर्जननं हे कुणाला सांगायचं?

सुलक्षणा : आईंना सांगा. तुमचा वर्गमित्र माधव तिथेच आहे, त्याचं स्वतःचं हॉस्पिटल आहे. तो करील. तुम्ही शेजारी उभे राहा, हात धरा त्यांचा. पण जा. तिकडे आता साडेचार वाजलेत, दुपारची झोप झाली असेल त्यांची.

शशिधर : आण तो फोन... हॅलो, आई? मी शशी. हो, सगळे बरे आहेत. थंडी आहे, असणारच. आई, ऐक जरा. मी येतोय. नाही, बघतो-बिघतो नाही, नक्की येतोय, डोळ्यासाठी. पण एक सांगतो, रागावू नकोस. माझ्यानं होणार नाही तुझा डोळा. भीती वाटते मला. माधव करील आणि मी शेजारी... काय? कोणी केलं?... कधी?... दसऱ्यालाच? आणि माधव मला काही बोलला नाही तो?... शपथ घातलीस? श्रीकांतलाही?... अगं, मग दर रविवारी फोनवर दिसत नाही, दिसत नाही म्हणतेस ते?... बरं. बरं, आई. नाही, नाही रागावलो. ठेवतो.

इरावती : काय म्हणाली आजी?

शशिधर : ऑपरेशन झालंय तिचं. तीन महिने झाले. पेपर वाचते आता, सुईत दोरा ओवते.

सुलक्षणा : आणि आपल्याला पत्ता नाही? का पण?

शशिधर : तेच विचारलं मी. म्हणाली, सांगितलं असतं तर तू कशाला आला असतास?

इरावती : मग आता विमानाचा तिकीट नको ना?

शशिधर : काढ. उद्या भाषण आहे, परवाचं बघ.