अर्धं केळीचं पान

पाठांतराला मी किती नावं ठेवायचे ते विचारू नका. कुंभकोणमात माझी गणिताची शिकवणी. काटकोन त्रिकोण आयताच्या निम्मा का, हे दाखवायला मी मुलांसमोर केळीचं चौकोनी पान या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत कापलं. सासूबाईंनी दारातून तमिळमध्येच विचारलं, "आता पाहुण्यांना वाढायचं कशावर?" मुलं हसली. मला वाटलं, समजलं.

चाचणीत विचारलं, निम्मा का, ते स्वतःच्या शब्दांत लिहा. अकरा जणांनी अक्षरन् अक्षर सारखं लिहिलं: पान घ्यावे, तिरके कापावे, मग पाट्टी, म्हणजे आजी, विचारतात, आता पाहुण्यांना वाढायचं कशावर. एकीनं तर पाट्टीखाली रेघही मारली होती.

बारावी मुलगी कामाक्षी. तिचा पेपर कोरा.

"तुला एवढंही येत नाही?" मी चिडून विचारलं.

तिनं तोच कोरा कागद तिरका फाडला आणि एक तुकडा फिरवून दुसऱ्यावर ठेवला. बरोबर बसला.

"मग लिहिलं का नाहीस?"

"मिस, ते समजलं होतं, म्हणून पाठ करायचं राहून गेलं."