खाली कुणाचंच घर नाही

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष, आपल्या नव्या हिवरदऱ्यातले ज्येष्ठ रामराव अण्णा. जिल्ह्याच्या कचेरीतून वेळात वेळ काढून आलेले प्रमुख पाहुणे, मोठे साहेब. आजचे सत्कारमूर्ती, या गावाची आखणी करणारे बद्रीनाथ गाडेकर साहेब. व्यासपीठावरील सर्व मान्यवर, आणि मांडवात उन्हाच्या झळा सोसत बसलेल्या माझ्या मायबहिणींनो आणि बांधवांनो, आपली सरपंच बेबीनंदा आपणां सर्वांना जय भीम आणि नमस्कार करते.

अशा प्रसंगी सत्कारमूर्तींचं कौतुक करावं, पुढच्या वाटचालीला शुभेच्छा द्याव्यात आणि खाली बसावं, अशी रीत आहे. शुभेच्छा मी देणारच आहे. पण मोठे साहेब, आपण इतक्या जवळ बसलेले पुन्हा कधी सापडायचे? तेव्हा थोडं बोलून घेते.

बद्रीनाथ साहेब धावड्याचे, शेतकऱ्याच्या घरचे. आपलं जुनं गाव तलावात जाणार हे नक्की झालं आणि नवं गाव आखायला ते आले, तेव्हा आम्हाला वाटलं, सरकारी माणूस आहे, काड्यापेट्या मांडाव्यात तशी घरं मांडील आणि जीपमध्ये बसून निघून जाईल. यांनी काय करावं? सगळ्या गावाला या माळावर बोलावलं आणि दिवसभर पायी फिरवलं. उतार कसा जातो, पाऊस कुठं अडेल, कुठल्या झाडांना हात लावायचा नाही, सगळं आमच्याकडूनच वदवून घेतलं. मग ठरलं. थोड्या थोड्या घरांना मिळून एक चौक, चौकात पावसाच्या पाण्याचा हौद, मागं सगळ्यांच्या शेणावर चालणारा एक गोबरगॅस. या उन्हाळ्यात आजूबाजूच्या गावांत होळीपासून टँकर फिरत होते. आपल्याकडं आला, नाही असं नाही, पण मे महिन्यात आला.

तर त्या दिवशी फिरणं झाल्यावर साहेबांनी पांढऱ्या फक्कीची पोती सोडली आणि म्हणाले, ज्याला जिथं घर हवं त्यानं तिथं उभं राहावं, मी रेघ मारतो. मंडळी, आठवतं का काय झालं? सगळं गाव जसंच्या तसं, जुन्या गावासारखं उभं राहिलं! वर मोकळ्या हवेला अण्णांची भावकी, तिच्या खाली बाकीचे. आणि आम्ही? आम्हाला कुणी हाकललं नव्हतं. कुणी साधं बोटही दाखवलं नव्हतं. आमचे आम्ही चालत गेलो आणि सगळ्यांत खाली, उताराच्या तोंडाशी जाऊन उभे राहिलो. पुढं माझ्या सासूबाई, कांताबाई, आणि त्यांच्या मागं मी. एवढं मोकळं रान पडलं होतं आणि पाय तिकडंच वळले. मला त्या पायांचा अजून राग येतो.

साहेब फक्कीची पाटी घेऊन खाली आले. म्हणाले, इथं घर बांधता येणार नाही. सासूबाई म्हणाल्या, "आमची जागा हीच असती साहेब." तेव्हा ते जे बोलले ते घरात लिहून लावावं असं आहे, आणि मला पाठ आहे. "मावशी, इथं साऱ्या गावाचं सांडपाणी येऊन जिरणार. इथं केळी लावायच्या. खाली कुणाचंच घर नाही."

मग वर जायचं, पण वर कुठं? वरचे तर जागा धरून उभे. सगळे एकमेकांची तोंडं बघायला लागले. आमच्या सासूबाई तुम्हाला ठाऊक आहेतच, त्या तसूभर हलेनात. म्हणाल्या, आधी शेजार कोण देतंय ते सांगा, मंग हलते. शेवटी वरून आवाज आला तो पुष्पाबाईंचा, म्हणजे आपल्या अध्यक्षांच्या मंडळींचा. "कांताबाई, या इकडं. मला मिश्रीला सोबत व्हईल."

हसा, हसा. अध्यक्ष त्या दिवशी हसले नव्हते. अण्णा रागावून जुन्या गावातच बसले. सगळ्यांचं बिऱ्हाड हललं, पण हे हलेनात. पाणी गोठ्याला लागलं तेव्हा कुठं बैलगाडी जुंपून इकडं आले आणि वेशीत विचारायला लागले, आमचं घर कोणतं? पोरांनी सांगितलं, कांताबाईच्या घराच्या अलीकडचं. तेव्हापासून अण्णांचा पत्ता तोच आहे. कुंभार पिंपळगावच्या बाजारातून पाव्हणा आला तरी तसंच विचारत येतो.

आता मूळ गोष्टीवर येते. मोठे साहेब, गेल्या महिन्यात आपण गाव बघायला आल्ता. चौक बघितले, हौदाचं पाणी प्यालात, छान म्हणालात. मग नकाशा उघडून विचारलंत, यात दलितांची वस्ती कुठं आहे? बद्रीनाथ साहेब म्हणाले, वेगळी नाही. आपण म्हणालात, वेगळी दाखवल्याशिवाय वस्तीचा निधी कसा देणार? खाली जागा मोकळी दिसते, तिथं दाखवा आणि तिथं बांधा. सांडपाणी गटार काढून ओढ्यात सोडा. बद्रीनाथ साहेब म्हणाले, ही रेघ माझ्या हातून होणार नाही. आणि आज आपण सगळे इथं निरोपाला जमलो आहोत. या दोन गोष्टींचा संबंध मी लावत नाही. आपण हुशार आहात, आपणच लावा.

उद्या ग्रामसभा आहे. नव्या नकाशावर सरपंचाची सही पाहिजे, असा निरोप कालपासून येऊन राह्यला आहे. सही मिळणार नाही. आमच्या भल्यासाठीचा पैसा आम्हाला पुन्हा उताराच्या तोंडाशी उभं करूनच मिळणार असेल, तर तो आपल्याजवळ ठेवा. आम्ही एकदा आपल्या पायांनी खाली गेल्तो. दुसऱ्यांदा जाणार नाही, आणि कुणी ढकललं तरी जाणार नाही. मला सरपंचपदावरून काढायचं तर काढा. अण्णा सकाळीच आमच्या ओट्यावर येऊन बसले होते. म्हणाले, "सही करू नको पोरी. या वयात मी माझा पत्ता बदलणार न्हाई."

बद्रीनाथ साहेब, शाल आणि नारळ आपल्याला मिळालाच आहे. गावाकडून हा केळीचा मुनवा घ्या, खालच्या बागेतला आहे. जिथं बदली झाली तिथं लावा, आणि तिथल्या गावालाही फक्की टाकून उभं करा. तुमच्या जाण्याचं आम्हाला फार वाईट वाटतं. ते लपवून बोलायला मला जमत नाही.

मोठे साहेब, आपण आलात, ऐकून घेतलंत, आपले आभार. उठू नका, जेवण व्हायचं आहे. पानं त्याच बागेतल्या केळीची आहेत आणि वाढायला कांताबाई व पुष्पाबाई आहेत. मांडव घालणाऱ्यांचे, स्वयंपाक करणाऱ्या बायांचे आणि इतका वेळ ऐकणाऱ्या तुम्हा सगळ्यांचे आभार.

बोलण्याच्या भरात मान-पान राहिला असेल, शब्द कमी-जास्त झाला असेल, तर तो माझा दोष समजून पोटात घाला. फक्त कांताबाईंचं घर जिथं आहे, त्याची माफी मी मागत नाही.

जय भीम. जय हिंद.